केबल तुटते कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माइकची केबल घरी सोल्डर कशी करायची, म्हणजे सोल्डर हा मिश्रधातू वितळवून डाग देऊन तारा कनेक्टरला कशा जोडायच्या, या माझ्या लेखावर तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत. त्याला नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून भागणार नाही. तुमचे आक्षेप तीन आहेत. तयार केबल मिळत असताना नवशिक्यांना या उद्योगात का ओढायचं? सोल्डरमधलं शिसं विषारी असतं, त्याचं काय? आणि सोल्डरचा जोड मुळातच कच्चा, गाड्यांमध्येसुद्धा क्रिंपिंगच (तार धातूच्या टोपीत दाबून पक्की करणं) करतात, मग हे शिकवायचंच कशाला?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यातच खरी गोम आहे. गाडीच्या वायरिंगबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. तिथे सतत हादरे बसतात आणि क्रिंपच हवा. पण सोल्डर केलेली केबल तुटते तेव्हा नेमकं काय तुटतं ते पाहा. बंद पडलेली एखादी केबल उघडलीत, तर पिनवरचं सोल्डर बहुतेक वेळा जसंच्या तसं असतं. तार तुटलेली असते त्याच्या दोन-चार मिलिमीटर मागे. वितळलेलं सोल्डर बारीक तारांच्या फटींतून वर चढतं, पार प्लास्टिकच्या आवरणाखाली शिरतं, आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. ताठपणा संपून लवचीकपणा सुरू होतो, तिथेच केबलचा सगळा वाक येतो. मग एकेक तार तुटत जाते. गायक माइक हलवतो, खरखर होते आणि आपण म्हणतो, ‘लूज कॉन्टॅक्ट आहे.’

म्हणजे उपाय दोन. सोल्डर बेताचं लावायचं आणि ते आवरणाच्या मिलिमीटरभर अलीकडेच थांबवायचं. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा. कनेक्टरच्या आत केबल पकडून ठेवणारा क्लॅम्प असतो, तो केबलच्या बाहेरच्या जाड आवरणावर बसला पाहिजे, आतल्या नाजूक तारांवर नाही. मग ओढ आणि वाक आवरण झेलतं, सोल्डरपर्यंत काही पोहोचत नाही. आतल्या तारा किंचित सैल ठेवायच्या. एवढं पाळलं तर हा जोड कच्चा राहत नाही.

एका ठिकाणी मात्र सोल्डर अजिबात लावू नये: स्क्रूखाली दाबून बसवायच्या तारेला. दाबाखाली सोल्डर हळूहळू दबत जातं, स्क्रू सैल पडतो आणि जोड तापायला लागतो. २३० व्होल्टच्या प्लगमध्ये हे धोक्याचं आहे. नवशिक्यांनी तर त्या वायरिंगला हातच लावू नये.

आता शिसं. तुमची काळजी मी हलक्यात घेत नाही. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले, ते उगाच नाही. पण सोल्डरिंगचा धूर म्हणजे शिशाची वाफ नव्हे. आयर्नचं (सोल्डर वितळवायच्या तापत्या हत्याराचं) टोक साधारण ३५० अंश सेल्सियसवर असतं, शिसं उकळतं १७४९ अंशांना. तो धूर फ्लक्समधल्या (सोल्डर नीट पसरावं म्हणून त्यात घातलेल्या पदार्थातल्या) राळेचा असतो. तोही निरुपद्रवी नाही, त्याने दमा होऊ शकतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि छोटा पंखा धूर तोंडापासून दूर ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते बोटांवाटे. त्या टेबलावर चहा-फराळ नको, काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान मुलं असतील, तर शिसेविरहित सोल्डरच आणा. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ ते १९० अंशांदरम्यान वितळतं, शिसेविरहित २१७ ते २२७ च्या आसपास. त्यामुळे पिन जरा जास्त तापवावी लागते, इतकंच.

राहिला तयार केबलचा प्रश्न. स्वस्त तयार केबलचा प्लग बरेचदा साच्यात ओतून बंद केलेला असतो. ऐन गणपतीत भजनी मंडळाची अशी केबल गेली, की ती उघडताही येत नाही. ज्याला डाग देता येतो, तो प्लग कापतो, नवा कनेक्टर लावतो आणि आरतीच्या आधी माइक सुरू करतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर केबल मीटरवर मिळते, कनेक्टर सुटे मिळतात.

शिवाय आत काय चाललंय ते कळतं. एक्सएलआरमध्ये (माइकच्या केबलचा तीन पिनांचा गोल कनेक्टर) पिन १ ला तारांभोवतीची जाळी, २ ला पॉझिटिव्ह, ३ ला निगेटिव्ह. एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल झाली तरी आवाज येतो, म्हणून चूक लपून राहते. पण त्याच तबल्यावर दुसरा माइक लावला, की डग्ग्याचा घुमारा पोकळ होतो. कुठली पिन कुठल्या पिनला जोडली आहे ते तपासणाऱ्या मल्टिमीटरची ‘पीं’ ही चूक क्षणात दाखवते.

नवशिक्यांना जमेल का, या तुमच्या शंकेबद्दल: हातखंडा यावा लागतो, पण कृती साधी आहे. आधी कनेक्टरचं टोपण केबलमध्ये ओवून ठेवायचं. आयर्नचं टोक पिनच्या वाटीला बाहेरून टेकवायचं आणि सोल्डर दुसऱ्या बाजूने वाटीला लावायचं, आयर्नला नाही. पिन पुरेशी तापली, की ते चकाकत आपणहून आत उतरतं. मग आधीच सोल्डर चढवलेली तार त्यात बुडवायची, आयर्न काढायचं, आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलवायचा नाही. हात हलला तर जोड दाणेदार होतो. तो पुन्हा तापवून घ्यावा.

एचडीएमआय आणि टाइप-सीच्या केबल मात्र विकतच घ्या. त्यांच्या बारीक पिना हे घरच्या आयर्नचं काम नाही, तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.