आफ्रिकेची संस्कृती वाचवायला निघालेल्यांसाठी

‘आफ्रिकेतल्या बायका मुळात फार सुखी होत्या हो, हे स्त्रीवादाचं खूळ गोऱ्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलं.’ हे वाक्य तुम्हाला चारचौघांत टाकायचं आहे ना? टाकाच. नैरोबीत किंवा कंपालात टाकलंत तर एखादा मंत्री, एखादा पाद्री आणि बरेचसे टॅक्सीवाले मान डोलावतील. पुण्यात टाकलंत तर अडवायलाच कोणी नाही, कारण आफ्रिका हा एक देश आहे अशी निम्म्या श्रोत्यांची समजूत असते. पण वाक्य टाकून बडीशेप खायला उठणं वेगळं आणि ते शेवटपर्यंत लढवणं वेगळं. दुसऱ्याला तयारी लागते. ती कशी करायची, ते सांगतो.

सुरुवात कपड्यांपासून करा. संस्कृती बुडायला लागली की पाणी आधी बायकांच्या गुडघ्यापर्यंत येतं. नोव्हेंबर 2014 मध्ये नैरोबीत मटाटूच्या, म्हणजे तिथल्या वडापच्या, थांब्यावर पुरुषांच्या घोळक्यानं एका बाईचे कपडे फाडले, कारण तिचे कपडे अपुरे होते. कपडे कमी पडतात या तक्रारीवर उपाय काय, तर आहेत तेही काढून घेणं. यातला तर्क उलगडायला जाऊ नका, अडकाल. ‘माझा पोशाख, माझी निवड’ म्हणत ज्या बायका नंतर रस्त्यावर उतरल्या, त्यांच्याकडे बघून फक्त एवढंच म्हणायचं, ‘ही आफ्रिकेची पद्धत नाही.’

खरी पद्धत कोणती, असं कोणी विचारलं तर त्याला युगांडातल्या एखाद्या क्वांजुलाला न्या. आपल्या साखरपुड्याच्या वळणाचा समारंभ असतो. मांडवात बायका दिसतील त्या अशा: खांद्यांवर टोकदार उभ्या बाह्या, चौकोनी गळा, गळ्याच्या डाव्या बाजूला दोन बटणं, कमरेखाली बांधलेला रुंद पट्टा आणि जमिनीपर्यंत घोळ. बसताना तो घोळ दोन्ही हातांनी असा सावरतात की नऊवारीचा ओचा आठवावा. त्याकडे बोट दाखवा आणि म्हणा, ‘याला म्हणतात मर्यादा.’ फक्त त्या पोशाखाचं नाव विचारू नका. नाव आहे गोमेसी. आणि गोमेसीतला गोम्स म्हणजे कायतान मिलाग्रेस गोम्स, आपल्या गोव्याचा शिंपी. 1905 च्या सुमारास गयाझाच्या मिशनरी शाळेतल्या मुलींसाठी त्यानं हा पोशाख बेतला असं सांगतात. पुढे तो राजघराण्यानं उचलला आणि बघता बघता परंपरा झाला. शेजारच्या नवरदेवाचा पायघोळ पांढरा कांझू अरब व्यापाऱ्यांबरोबर आला, त्यावरचा कोट इंग्रजांबरोबर. मांडवात परकं असं एकच काहीतरी राहतं: मागच्या रांगेत जीन्स घालून बसलेली ती मुलगी.

1972 हे सालही लक्षात ठेवा, म्हणजे त्याविषयी कुठे बोलायचं नाही ते कळेल. त्या वर्षी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं मिनीस्कर्टवर बंदी घातली. त्याच वर्षी त्यानं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, आणि त्यात गोवेकरही निघाले. शिंप्याचे भाईबंद परके ठरले, त्यानं शिवलेली मर्यादा मात्र देशीच राहिली.

क्वांजुलात देजाच्या, म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या बापाला द्यायच्या, गाईही येतील. त्यांचं कौतुक करा, आपल्याकडच्या हुंड्यापेक्षा बरं म्हणा, मुलीच्या बापाचा मान राखला जातो म्हणा. लग्न मोडलं तर त्या गाई परत मागायची चाल होती आणि माहेरी त्या खाऊन, विकून संपलेल्या असत, त्यामुळे मार खाणाऱ्या बाईला परतायला दार उरत नसे, हा तपशील गाळा. मिफुमी नावाच्या संघटनेनं हे प्रकरण कोर्टात नेलं आणि ऑगस्ट 2015 मध्ये युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयानं देज परत मागण्याची चाल घटनाबाह्य ठरवली. देज तेवढं ठेवलं. म्हणजे बघा, तुमच्यासाठी काहीतरी शिल्लक आहेच.

आता हुकमी एक्का, परदेशी पैसा. स्त्रीवादी संघटनेला युरोपातून निधी आला तर तो कट असतो, पाद्र्याला अमेरिकेतून आला तर ती देवाची कृपा. गर्भपाताला गुन्हा ठरवणारी कलमं इंग्रजांनी लिहून ठेवली ती आपली परंपरा, आणि त्यात सूट देणारा करार आफ्रिकेच्या राष्ट्रांनी 2003 मध्ये आफ्रिकेतच, मोझांबिकच्या मापुतोत बसून केला तो परका. हा भेद मनात पक्का बसवून घ्या, ऐन वेळी उलटं बोलून जायचात. लागोसचं उदाहरण तर टाळाच. ऑक्टोबर 2020 मध्ये नायजेरियात पोलिसी जुलमाविरुद्ध तरुण पोरं रस्त्यावर आली, तेव्हा त्यांना जेवण, औषधं आणि वकील पुरवायला फेमिनिस्ट कोअलिशन नावाचा तरुणींचा गट पुढे झाला. बँकेचं खातं बंद पडलं तर त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घेतल्या. 14 कोटी नायरांहून जास्त जमा झाले, आणि कुठे किती खर्च झाला तेही त्या जाहीर करत राहिल्या. आपल्या गणेश मंडळाचा खजिनदार शेजारी बसला असेल तर हा किस्सा नकोच.

एखादी बाई फारच पुढे गेली तर मुद्द्यावर बोलू नका, तिच्या संसारावर बोला. केनियातल्या पर्यावरणवादी वांगारी माथाई यांचं प्रकरण या कलेचा पाठच आहे. 1989 मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये 60 मजली इमारत उठवायचं सरकारनं ठरवलं. सोबत राष्ट्राध्यक्ष मोई यांचा भलामोठा पुतळा. पैसा कर्जाचा, आणि कर्ज बाहेरचं. बाग वाचवायला माथाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली. आता काचेचा मनोरा आणि परदेशी कर्ज यात आफ्रिकन काय, हा प्रश्न कोणाच्या मनात येऊ शकला असता. मोईंनी तो येऊ दिला नाही. त्यांनी सांगितलं की आफ्रिकी परंपरेत चांगली बाई पुरुषांचा मान ठेवते आणि गप्प बसते. संसदेत खासदारांनी माथाईंच्या झाडं लावणाऱ्या ग्रीन बेल्ट चळवळीला ‘घटस्फोटित बायकांचं टोळकं’ म्हणून घेतलं. काय सफाई आहे बघा, साठही मजले एका वाक्याआड झाकले गेले. दुर्दैवानं गुंतवणूकदार पळाले, मनोरा झालाच नाही आणि 2004 मध्ये बाईंना शांततेचं नोबेल मिळालं.

घटस्फोट झाला होता हे खरं. आणि नवऱ्याचं आडनाव टाका, असा त्याचा आग्रह होता. त्यांनी आडनाव टाकलं नाही, त्यात एक ‘ए’ जादा घातला. Mathai चं Maathai झालं, असं रोमन अक्षरांत दाखवायला हवं खरं तर. देवनागरीत मथाईची माथाई झाली असं समजा. बाराखडीतल्या एका कान्यानं नवऱ्याला उत्तर देणारी दुसरी बाई मला तरी माहीत नाही.

विद्वान मंडळी समोर असतील तर नावांचा उपयोग करून घ्या. आफ्रिकी लेखिकांनी स्त्रीवादाला इतकी नावं दिलीत की बारशाला पाळणे कमी पडावेत. ओबिओमा न्नाएमेकांचा नेगो-फेमिनिझम, म्हणजे वाटाघाटीचा आणि ‘नो इगो’चा. कॅथरीन अचोलोनूंचा मदरिझम. अकाची अडिमोरा-एझेइग्बोंचा गोगलगायीच्या शहाणपणाचा, काट्यांवरूनही जीभ ओली ठेवून सावकाश सरकणारा. मोलारा ओगुंडिपे-लेस्लींनी तर स्टिवानिझम असा शब्दच घडवला, कारण ‘तुम्ही गोऱ्या बायकांची नक्कल करता का’ या प्रश्नाला जन्मभर उत्तरं देत बसायची त्यांची तयारी नव्हती. तुम्ही म्हणा, ‘यांच्यातच एकमत नाही, आपण काय बोलायचं?’ पुरुषांच्या पक्षांत फूट पडते ती वैचारिक मंथनातून, बायकांत पडते ती भांडकुदळपणातून, हे गृहीतच धरलेलं असतं. आणि 2006 मध्ये घानाच्या अक्रात जमून आफ्रिकी स्त्रीवाद्यांनी जी सनद लिहिली, आम्ही स्त्रीवादी आहोत, त्यात जर-तर नाही, पण-परंतु नाही, असं साफ म्हणणारी, तिचा उल्लेखच करू नका.

एक पुस्तक मात्र तुमच्या कामाचं आहे. ओयेरोंके ओयेवुमींनी 1997 मध्ये असं मांडलं की नायजेरियातल्या जुन्या योरुबा समाजात माणसाची पायरी वयावरून ठरे, लिंगावरून नव्हे. भाषेत भाऊ-बहीण असे शब्दच नाहीत, थोरलं ते ‘एग्बोन’, धाकटं ते ‘अबुरो’. आपल्याला हे समजायला जड जातं. आपण खुर्चीलासुद्धा बाई केल्याशिवाय तिच्यावर बसत नाही. या पुस्तकातून ‘तिथं बायकांवर अन्याय नव्हताच’ एवढंच उचला आणि मिटून ठेवा. बायका असा वेगळा कनिष्ठ वर्ग वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी आणला, हे त्यातलं पुढचं म्हणणं वाचलंत तर तुमचं मूळ वाक्यच उलटं उभं राहतं. शिवाय बाकीच्या आफ्रिकी स्त्रीवादी अभ्यासक तिच्याशीही भांडतात. काही केल्या सोय बघत नाहीत या बायका.

आकडे लागले तर रवांडा. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात 60 टक्क्यांहून जास्त बायका, मग अजून काय हवं? सत्ता इतकी वर्षं एकाच माणसाच्या मुठीत आहे, त्या मुठीत किती टक्के, हे तिथल्या बायकाही दबक्या आवाजात विचारतात. तुम्ही विचारू नका. उलट कोणी लोकसभेचं विचारलं, 2024 च्या निवडणुकीत 543 पैकी 74, तर पाणी मागवा.

दुसरा एक आकडा आहे, तो समोरून येईल. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2023 या एका वर्षात आफ्रिकेत सुमारे 21,700 बायका आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मारल्या गेल्या. 27 जानेवारी 2024 ला केनियाच्या शहरांत हजारो बायका ‘आम्हाला मारणं थांबवा’ एवढंच म्हणत चालल्या. यावर काय बोलायचं, ते मला सुचलेलं नाही. तुमच्या बाजूचे लोक ‘ती त्या वेळी तिथं काय करत होती’ असं विचारतात. जमत असेल तर विचारा. पुढे गांबियाचं येईल. तिथं मुलींच्या खतन्यावर 2015 पासून असलेली बंदी उठवायचं विधेयक 2024 मध्ये संस्कृती आणि धर्म वाचवायला आणलं होतं. सभागृह जवळजवळ सगळं पुरुषांचं, आणि मार्चमध्ये बहुमतानं ते पुढेही सरकलं. ज्या बायकांच्या अंगावर ही संस्कृती लहानपणीच चालवली गेली होती, त्या येऊन बोलायला लागल्या. 15 जुलैला विधेयक पडलं.

एवढी तयारी झाली की शेवटचं सांगतो, आणि हे मनाशीच ठेवा. गोऱ्यांनी बिघडवण्याआधीची अस्सल परंपरा बघायची हौस असेल तर नायजेरियाच्या आग्नेय भागात, इग्बो मुलखात बघा. नोव्हेंबर 1929. ओलोको गावात न्वान्येरुवा नावाची बाई पाम तेल काढत बसली होती. इंग्रजांनी नेमलेल्या ओकुगो मुखियाचा माणूस आला आणि म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि घरातली माणसं मोज. मोजणी म्हणजे पाठोपाठ कर, हे तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं, ‘तुझ्या आईची मोजणी झाली होती का?’ झटापट झाली, ती उठून बायकांच्या सभेत गेली, आणि पामची पानं गावोगाव फिरली. पान पोचलं की त्या गावच्या बायकांनी निघायचं, असा संकेत होता. डोक्याला नेचे बांधलेल्या, तोंडाला राख फासलेल्या बायका हजारोंनी आल्या. ओकुगोची टोपी, म्हणजे अधिकाराची खूण, गेली, तो तुरुंगात गेला. पुढे गोळीबारात पन्नासच्या वर बायका मेल्या. इंग्रजांनी दप्तरात ‘आबाची दंगल’ लिहिलं, बायका त्याला ‘बायकांचं युद्ध’ म्हणतात.

ओकुगोवर त्यांनी जे केलं त्याला तिकडे ‘माणसावर बसणं’ म्हणत. युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली रीत. कोणी बायकोला मारलं, कोणाच्या गुरांनी बायकांची शेतं खाल्ली, की सगळ्या मिळून त्याच्या अंगणात जमायच्या. नाचायच्या, त्याच्या कर्तबगारीची, पुरुषार्थाचीसुद्धा, गाणी म्हणायच्या. याम, म्हणजे तिथला सुरणासारखा कंद, कुटायच्या मुसळांनी झोपडीच्या भिंती बडवायच्या. फारच झालं तर चिखलानं लिंपून टाकायच्या नाहीतर छप्पर उतरवायच्या. तो चुकलो म्हणेपर्यंत.

तेव्हा भाषण झाल्यावर, रात्री अंगणात मुसळांचा आवाज आला तर घाबरून फोन करत सुटू नका. अशा वेळी दुसऱ्या कुठल्याही पुरुषानं मध्ये पडायचं नाही, अशीच तिथली परंपरा आहे.