पत्रे काढायचेत? हातोडा आणा

गच्चीवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून रंगीत लोखंडी पत्रे टाकायचा ठराव तुमच्या सोसायटीत मंजूर झाला असेल, तर अभिनंदन. आमच्या ए विंगमध्ये हे मंगलकार्य नुकतंच पार पडलं. अनुभव ताजा आहे, म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पत्रा कशाचा आहे याच्या फंदात पडू नका. राखाडी आहे, नालीदार आहे, शेवाळ धरून काळा पडलाय, एवढी ओळख पुरे. सिमेंटबरोबर त्यात क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, खाणीतून निघणारं तंतुमय खनिज असतं; साठाहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातलीय; आपण खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्ये थांबवलं आणि तोच माल रशियाकडून आणून पत्रे करत राहिलो. असलं काही माहीत असणाऱ्या सभासदाला मीटिंगची नोटीसच पाठवू नका. चहा-बिस्किटं संपली तरी बोलत बसतो.

कोटेशनं तीन मागवा, सगळ्यात स्वस्त घ्या. 'जुने पत्रे काढणे – फ्री' असं लिहिलेलं असेल तर डोळे मिटून सही करा.

आता मुख्य विधी. बोल्ट गंजलेले असतात. ते कापून पत्रा अख्खा सोडवायचा, दोराला बांधून खाली घ्यायचा, तर माणसं जास्त लागतात, अर्धा दिवस जास्त जातो. कशाला? हातोडा घाला. तुकडे चौथ्या मजल्यावरून थेट पार्किंगमध्ये फेका. पाणी अजिबात मारू नका, पाण्यानं धूळ बसते, आणि धूळ उडाली नाही तर काम चाललंय हे लोकांना कळणार कसं? सुट्टीची पोरं खाली खेळत असतील तर खेळू द्या. वाळत घातलेले कपडे झटकून घडी घाला. कुणी शंका काढलीच, तर आमच्या सेक्रेटरींचं उत्तर पाठ करून ठेवा: "अहो, मी पत्र्याच्या शाळेत शिकलो, मला काय झालं?"

काही झालं नाही, कारण तो पत्रा शाबूत होता, साहेब! सिमेंटमध्ये जखडलेला ॲस्बेस्टॉसचा तंतू जागचा हलत नाही. पत्रा फोडला, भोक पाडलं, कटर चालवला किंवा तारेच्या ब्रशनं घासला, की तो सुटतो. सुटला की डोळ्यांना दिसत नाही, तासन् तास हवेत राहतो आणि फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या तंतूंनी फुप्फुसं निबर होत जाण्याचा आजार. हे दुसऱ्या दिवशी होत नाही, वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतं. तेवढ्यात कमिटी बदलते, ठेकेदार दुसऱ्या नावानं धंदा करायला लागतो आणि खोकणाऱ्या माणसाला डॉक्टर विचारतात, "बिडी ओढता का?"

आणि ते दोघं मजूर. पायात स्लीपर, तोंडाला गमछा. खाली एक बाई कोरड्या झाडूनं तो पांढरा भुगा लोटत होती. तेच कपडे घरी जाणार, घरात झटकले जाणार. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं ठेवाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये बजावलं. आमच्या बिलावर या माणसांची नोंद काय? 'लेबर, नग तीन.'

असो. बाकीच्या गोष्टी चुटकीसरशी सांगतो.

जुना ऑइल पेंट कोरडाच घासा. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, मोठ्यांनी काळजी करू नये.

नव्या प्लायवूडच्या कपाटानं डोळे चुरचुरले तर खिडक्या लावून घ्या, फॉर्मल्डिहाइड महाग असतं, वाया घालवू नये.

फरशी दिवाणखान्यातच कापा, तिचीही धूळ घरातच राहू द्या.

फुटलेले तुकडे? चांगले असतील ते कुंड्यांच्या कडेला लावा. उरलेला राडारोडा रात्री टेम्पोत भरून नदीकाठी टाका, जागा ठेकेदाराला माहीत असते. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं तळोज्याला, रांजणगावला आहेत म्हणे, पण तिथे फोन करायला वेळ कुणाला आहे?

वेळ होता, सभासदांनो! ठरावाच्या त्या मीटिंगमध्ये दोन इंजिनियर होते, एक डॉक्टर होते. नवे पत्रे निळे की हिरवे यावर दीड तास भांडलात. जुने कसे काढणार, हे एकानंही विचारलं नाही. मी विचारलं तर "तुम्ही फार गूगल करता" म्हणून हसलात. शिकलेली माणसं तुम्ही, लाज वाटायला हवी. चार हजार वाचवायला शेजाऱ्याच्या पोराच्या अंगावर ही धूळ उडवलीत.

सरळ ऐका. सिमेंटच्या पत्र्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असं छापलेलं नसेल, तर तो ॲस्बेस्टॉसचाच धरायचा. शाबूत असेल तर हात लावायचा नाही. काढायचाच असेल तर आधी भिजवायचा, बोल्ट कापायचे, अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पट्टीनं बंद करायचा. माणसांना एफएफपी३ दर्जाचे, म्हणजे बारीक धूळ अडवणारे मास्क द्यायचे, कापडी नाही. झाडू नाही, ओलं फडकं. यात न कळण्यासारखं काय आहे?

बी विंगचे पत्रे अजून वरच आहेत. ते कसे काढणार आणि कुठे टाकणार, हे कमिटीनं मला लेखी द्यावं. नाही दिलं तर महापालिकेत आणि प्रदूषण मंडळात तक्रार करतोय, सोबत ए विंगचे फोटो आणि तुमच्या सह्यांचा ठराव जोडून.