नंबर असलेला तुकडा

खंडेनवमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला आमचा कट्टा लवकर भरतो, कारण उद्यमनगरातले कारखाने त्या दिवशी दुपारीच बंद होतात आणि पूजा आटोपून मंडळी प्रसादाचे खोबरे हातात घेऊनच येतात. या वेळी आप्पांच्या वर्कशॉपमधून आम्ही एकत्रच आलो होतो. रॉकेलने स्वच्छ पुसलेल्या लेथला त्यांनी झेंडूची माळ घातली होती आणि समोरच्या पाटावर मायक्रोमीटर, व्हर्नियर, टूलबिटे आणि वडिलांच्या वेळची एक कानस मांडली होती. तेच दृश्य मनात घेऊन आमचा टेक्सासचा मित्र म्हणाला, "आप्पा, मी घरी बसून स्वतःच्या हाताने जुळवलेली एक रायफल तिकडे आहे. आज ती इथे असती, तर तीही या पाटावर ठेवली असती."

वकीलसाहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि तिथून पुढचे दोन तास दुसरा विषय निघाला नाही.

मित्राने सांगितलेली हकिगत आधी नीट मांडायला हवी, कारण आमच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात "घरी बंदूक केली" म्हणजे गावठी कट्टा एवढेच चित्र होते. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि कॉलेजच्या दिवसांत सुट्टीत आप्पांच्याच लेथवर हात बसवलेला माणूस आहे. अमेरिकेत पहिली अनेक वर्षे तो एच-वन-बी व्हिसावर होता, आणि त्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, तिथल्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही आडकाठी गेली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर तो नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागला आणि त्याच्याच नादाने त्याने एआर-15 या जातीची रायफल सुट्या भागांतून जुळवायला घेतली.

या नावातले "एआर" म्हणजे आर्मालाइट रायफल. युजीन स्टोनर या अभियंत्याने 1950 च्या दशकात आर्मालाइट कंपनीसाठी ही रचना केली, 1959 मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीने घेतले आणि तिच्यातूनच अमेरिकी सैन्याची एम-16 घडली. नागरिकांना मिळते ती सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीच्या मागच्या टोकात येऊन बसते. 1977 मध्ये कोल्टचे पेटंट संपले आणि त्यानंतर अनेक कारखाने त्याच मापांचे भाग काढू लागले. एकाचा दस्ता दुसऱ्याच्या सांगाड्यात बसतो आणि तिसऱ्याची नळी त्यावर चढते. हे ऐकताना आप्पांचे डोळे चमकत होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम पार्ट काढणाऱ्या माणसाला मापांची ही शिस्त किती गोड वाटते, हे उद्यमनगरात राहिल्याशिवाय कळत नाही.

पण त्यातली खरी मेख वेगळीच आहे. अमेरिकी कायद्याच्या नजरेत यातला प्रत्येक सुटा भाग म्हणजे बंदूक नव्हे. चाप आणि त्याची यंत्रणा ज्यात बसते तो खालचा सांगाडा, ज्याला तिकडे लोअर रिसीव्हर म्हणतात, तो एकटा तुकडा म्हणजे बंदूक. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो. परवानाधारक दुकानदाराकडून तो घेताना 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि 1998 पासून सुरू असलेल्या पार्श्वभूमी तपासणीतून नाव पार व्हावे लागते. नळी, दस्ता, मूठ, स्प्रिंगा हे बाकीचे सगळे टेक्सासमध्ये टपालाने घरपोच येते. मित्र म्हणाला की दुकानात तो एका हलक्या ॲल्युमिनियमच्या पोकळ तुकड्यासाठी सही करत होता आणि त्याला वाटत होते की एवढ्याशासाठी एवढे कागद कशाला.

जुळवणीला त्याला तीन शनिवार लागले. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून त्याने भाग मांडले होते. एक खिळीएवढी पिन आणि तिच्यामागची केसासारखी स्प्रिंग बसवताना बोट सुटले आणि स्प्रिंग उडाली. बॅटरीचा झोत जमिनीला समांतर धरून तो आणि त्याची बायको अर्धा तास गालिच्यावर रांगत होते आणि शेवटी ती मुलीच्या शाळेच्या बुटात सापडली. रेंजवर पहिल्या दिवशी दोन गोळ्यांनंतर रायफल अडली. त्याने स्वतः हात घालायचे टाळले आणि ती परवानाधारक कारागिराकडे नेली. कारागिराने गेज लावून सगळी मापे तपासली आणि गोळीमागच्या वायूची वाट जिथून जाते तिथला एक भाग केसभर सरकल्याचे दाखवून दिले. "विकत घेतली असती तर मला यातले काही कळले नसते," मित्र म्हणाला. "जी वस्तू मी स्वतः जुळवली, तिच्यात काय चालते हे मला आतून माहीत आहे, आणि म्हणूनच मी तिला जास्त जपून हाताळतो. जुळवणारा माणूस विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदार होतो, असे माझे ठाम मत आहे."

वाद पेटला तो या शेवटच्या वाक्यावरून.

वकीलसाहेबांनी आधी इथला कायदा सांगितला. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणेच काय, दुरुस्त करणे किंवा चाचणी घेणेही गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. मित्राने जे तीन शनिवार आनंदात घालवले, तेच इथे घालवले असते तर त्याचे उरलेले शनिवार कळंब्याच्या तुरुंगात गेले असते, असे ते तळमळीने म्हणाले. त्यावर मित्राने 1878 चा लॉर्ड लिटनचा कायदा काढला. गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती असा तो भेद होता, काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले होते, आणि शस्त्र हाती असणे हे नागरिकाच्या मानाचे लक्षण आहे हा विचार एकट्या अमेरिकेचा नाही, हे त्याचे म्हणणे. हा मुद्दा वजनदार होता आणि वकीलसाहेबांनीही तो मान्य केला. भेदभावाचा कायदा वाईट होता म्हणून नोंदच वाईट ठरत नाही, एवढेच त्यांनी जोडले.

रेंजवर मुलांना शिकवणारे आमचे सर एवढा वेळ शांत होते. त्यांचा राग मात्र वेगळ्या जागी होता. स्वतःच्या शरीराला बसेल अशी रायफल जुळवण्याचे कौतुक कोल्हापूरला नवे नाही, असे ते म्हणाले. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्य आणले. या पातळीच्या नेमबाजाच्या दस्त्याची लांबी, गालाखालच्या पट्टीची उंची आणि खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचा कोन हे सगळे मिलिमीटरने ठरवावे लागते. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. "बारा वर्षांच्या मुलाला मी तीन महिने रिकामी रायफल धरून उभे करतो," सर म्हणाले. "जबाबदारी तिथे येते, पिन बसवताना येत नाही. तुझ्या तीन शनिवारांत तुला रायफल कळली. तिच्यासमोर उभा असलेला माणूस त्यात कुठे आला?"

मित्राला हे लागले. आपण दर महिन्याला रेंजवर जातो, रायफल भिंतीत बोल्ट केलेल्या सेफमध्ये असते, काडतुसे दुसऱ्या कुलपात असतात, हे त्याने सांगितले, आणि तो खरे बोलत होता यात मला शंका नाही.

तेव्हा आप्पा बोलले. इतका वेळ ते मित्राच्या बाजूने होते, म्हणून त्यांचे बोलणे सगळ्यांनी कान देऊन ऐकले. काही वर्षांपूर्वी एक अनोळखी माणूस वर्कशॉपमध्ये आला होता. त्याच्याजवळ ड्रॉइंग नव्हते, ऑर्डरचा कागद नव्हता, फक्त वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक नळीचा तुकडा होता, आणि अशाच दहा हव्यात, आतले भोक याच मापाचे हवे, पैसे रोख देतो, असे तो म्हणाला. आप्पांनी व्हर्नियर लावले, माप पाहिले आणि तुकडा परत दिला. "भावा, काम अवघड नव्हते," ते मित्राला म्हणाले. "एका दुपारचे होते, आणि त्या महिन्यात माझ्याकडे पगार द्यायलासुद्धा पैसे नव्हते. पण ती नळी कुणाच्या हातात जाणार हे मला कधीच कळणार नव्हते. मी काढलेल्या प्रत्येक पार्टवर पार्टीचा नंबर पंच करतो. ज्याच्यावर नंबर घालता येत नाही, तो पार्ट मी काढत नाही."

माझे म्हणणे मी इथे मांडले आणि आजही ते तेच आहे. हाताने वस्तू जुळवण्याचा आनंद खरा आहे आणि मित्राच्या सावधपणावर माझा विश्वास आहे. पण जुळवण्याने माणूस जबाबदार होतो हे मला पटत नाही, कारण तेच कौशल्य दुसऱ्या कुणाच्याही हातात तितक्याच सहज येते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या रँचो टेहामा या वस्तीत एका माणसाने पाच जणांना मारले. न्यायालयाच्या आदेशाने त्याला बंदूक बाळगायला बंदी होती, म्हणून त्याने दुकानाची पायरी न चढता दोन रायफली स्वतःच बनवल्या होत्या. हातात कसब त्याच्याही होते. तिकडे परवान्याशिवाय, स्वतःच्या वापरापुरती बंदूक बनवायला संघीय कायद्याची हरकत नसते, आणि बऱ्याच राज्यांत अशा बंदुकीवर नंबर घालण्याची सक्तीही नसते. अर्धवट घडवलेले सांगाडे विकून या फटीतून मोठा धंदा उभा राहिला. 2022 मध्ये सरकारने सहज पुरे करता येतील अशा संचांना बंदूकच मानण्याचा नियम केला आणि 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला. दुकानात सही करताना मित्राला जो तुकडा क्षुल्लक वाटला, तोच या सगळ्या व्यवहारातला एकमेव धागा आहे, आणि तो तुटला की सज्जन हौशी आणि रँचो टेहामाचा माणूस यांच्यात फरक करायला कायद्याजवळ काहीच उरत नाही.

आणखी एक आकडा मी सांगितला, कारण चोर आणि खुनी यांच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. तिथे तर नंबरही उपयोगी पडत नाही. बंदूक घरात असते आणि तपासणीत नाव पार झालेला माणूसही एखाद्या रात्री खचतो.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग तो आपल्या मुलीविषयी बोलू लागला. ती तेरा वर्षांची आहे. शाळेत वर्षातून काही वेळा वर्गाचे दार लावून, दिवे घालवून, भिंतीला टेकून गप्प बसण्याचा सराव घेतात. 2022 च्या मे महिन्यात टेक्सासमधल्याच उवाल्डे गावच्या शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा वापरलेली रायफल त्याच्या सेफमधल्या रायफलीच्याच जातीची होती. ती बातमी आली त्या रात्री मुलीने त्याला विचारले होते, "बाबा, तुमची आणि त्याची सारखीच आहे का?" त्याने हो म्हटले. त्यानंतर तिने त्याला रेंजविषयी कधीच काही विचारले नाही. "मी विकलेली नाही," तो म्हणाला. "विकावी असे मला अजूनही वाटत नाही. पण ती जुळवली तेव्हाचे फोटो मी घरात कुणाला दाखवत नाही."

वकीलसाहेबांनीसुद्धा यावर कायदा काढला नाही. आप्पांनी खोबऱ्याचे उरलेले तुकडे वाटले आणि पेठेतल्या देवीच्या आरतीची वेळ झाली म्हणून मंडळी उठू लागली. सरांनी मित्राला थांबवून विचारले की मुलगी इथे आली आहे ना, मग दसरा झाल्यावर परवा सकाळी सात वाजता तिला रेंजवर घेऊन ये, एअर रायफल आहे, तिची इच्छा असली तरच हातात देईन. मित्र म्हणाला की ती येईल असे वाटत नाही, पण विचारतो. मग सवयीने त्याने सरांना दस्त्याची लांबी विचारली. सर म्हणाले, ती आधी येऊ दे, तिचा हात मोजल्याशिवाय मी काही सांगणार नाही.