चटणीला पेस्टो का म्हटलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

लसणाच्या दांड्यांच्या, म्हणजे फुलाच्या दांड्यांच्या, पेस्टोवर (पास्त्याला लावायचं, तेल-चीज घालून केलेलं इटालियन वाटण) मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली एका जुन्या वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिच्यातली मुख्य वाक्यं देते: "ताई, वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट सांगतो. अमेरिकेत गेलं की लसणाच्या चटणीला पेस्टो म्हणून मिरवायची हौस येते, पण चटणी ती चटणीच. पेस्टो तुळशीचा असतो, तोही पाइन नट्सचा, अक्रोडाचा नव्हे. लसणाची पात तोडली तर गड्डा पोसत नाही, हे शेतकऱ्याचं पोरही सांगेल. आणि तेलात बुडवून पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवा म्हणता, लोकांना मारायचं आहे का? तुमच्या आईने पाट्यावर काय वाटलं होतं, ते तिलाच विचारा."

काका (तुम्हीच वय काढलंत, म्हणून काका म्हणते), मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. इथे दर आठवड्याला कुणी ना कुणी मीठ जास्त झालं, प्रमाण चुकलं असं सांगतं आणि मी दुरुस्त करते. पण "मिरवायची हौस" हे शब्द तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलेत? तुम्ही मला कधी भेटलेला नाहीत. माझं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. परदेशात राहणाऱ्या बाईने एखाद्या पदार्थाचं तिथलं नाव घेतलं की ती आपलं सगळं विसरली, हा निष्कर्ष इतका पटकन कसा निघतो, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

आता नाव. पेस्टो हा शब्द तुळशीवरून आलेला नाही. इटालियनमध्ये 'पेस्तारे' म्हणजे कुटणं, ठेचणं. जे ठेचलं ते पेस्टो. आपला ठेचा ठेचण्यावरून आला, तसंच हे. हिरव्या मिरचीचा ठेचा असतो, लाल मिरचीचा असतो, कुणी त्यात शेंगदाणे घालतं, कुणी नाही, आणि म्हणून त्यातला एकच खरा असं आपण म्हणत नाही. इटलीतल्या जेनोव्हा शहराचा पेस्टो तुळशीचा, हे मी लेखातच लिहिलं आहे, दुसऱ्या परिच्छेदात. ती तुळस म्हणजे आपल्या वृंदावनातली नव्हे, सब्जाच्या जातीची. जेनोव्हाकडच्या त्या तुळशीच्या नावाला युरोपियन युनियनचं संरक्षण 2005 मध्ये मिळालं. तिथे संगमरवरी खल, लाकडी बत्ता, खडे मीठ, लसूण, पार्मेसान आणि मेंढीच्या दुधाचं चीज हा सगळा सरंजाम ठरलेला आहे आणि त्या लोकांना त्याचा अभिमान आहे. मलाही त्याबद्दल आदर आहे.

पण त्याच जेनोव्हात 1863 साली छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात पेस्टोची जी सगळ्यात जुनी छापील कृती मानली जाते, ती काय सांगते? तुळस घ्या, नसेल तर मरवा आणि पार्सली घ्या. चीज पार्मेसान आणि हॉलंडचं, दोन्ही मिसळून. कुटताना थोडं लोणी. म्हणजे पेस्टोच्या माहेरीच तुळशीवाचून पेस्टो होत होता, परदेशी चीज घालून होत होता, आणि त्याला कुणी दुसरं नाव दिलं नाही. सिसिलीत त्रापानीकडे बदाम आणि टोमॅटो घालून करतात, तोही पेस्टोच. हे मी कुठून तरी उचलून तुमच्या तोंडावर फेकत नाही. मी हा पदार्थ दरवर्षी करते आणि जे करते त्याबद्दल वाचते.

मग चटणी का नाही म्हटलं? कारण त्यात साधारण 10-12 दांड्यांना अर्धी वाटी किसलेलं चीज आणि पाऊण वाटी ऑलिव्ह तेल जातं, आणि ते पास्त्याच्या उकळत्या पाण्याचे दोन चमचे घालून सैल करायचं असतं. याला मी चटणी म्हटलं असतं तर पहिली प्रतिक्रिया तुमचीच आली असती, की चटणीत चीज घालायला लाज वाटत नाही का. ज्यांच्याकडून पदार्थ शिकले त्यांचं नाव ठेवलं, यात मिरवणं कुठे आलं?

आणि शिकले कुणाकडून, तेही सांगते. अमेरिकेत सिरॅक्यूजजवळच्या या गावात आम्ही आलो तेव्हा शेजारी एक आजी राहायच्या, आईवडील इटलीहून आलेले. पहिल्याच जूनमध्ये त्यांनी कुंपणावरून मला हिरव्या, गोल वळलेल्या दांड्यांची जुडी दिली. मला वाटलं शोभेची फुलं आहेत, मी पाण्यात घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, फुलदाणी बघून हसल्या नाहीत, जुडी घेऊन मला स्वयंपाकघरात नेलं आणि स्वतःच्या हाताने वाटून दाखवलं. त्या पेस्टो म्हणाल्या, मी पेस्टो म्हटलं. त्या आता नाहीत. माझ्या वाफ्यातला लसूण त्यांनीच दिलेल्या पाकळ्यांचा वंश आहे, दर ऑक्टोबरला तोच पुन्हा लावते. या पार्श्वभूमीवर "हौस" हा शब्द मला किती लागला असेल याची कल्पना करा.

शेतकऱ्याच्या पोराबद्दल. ते पोर मीच आहे, काका. निफाड तालुक्यात माझं बालपण कांद्याच्या शेतात गेलं. कांद्याला डेंगळे आले की आम्ही ते मोडायला जायचो, शाळेतून आल्यावर, दप्तर बांधावर टाकून. डेंगळा आलेला कांदा टिकत नाही, व्यापारी त्याला भाव देत नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. लसणाचा दांडा म्हणजे हाच प्रकार, फुलाचा दांडा. पात नव्हे! लेखात फोटो आहे, फोटोखाली ओळ आहे, "पाने तोडू नयेत" असं वेगळं वाक्य आहे. तुम्ही ते वाचलं असतंत तर हा आरोप झाला नसता. लेख पूर्ण न वाचता वयाचा आधार घेऊन रागवायचं, हे मला वडीलकीचं लक्षण वाटत नाही.

आपल्याकडच्या लसणाला सहसा असा दांडा येत नाही, म्हणून घोटाळा होऊ शकतो, हे मी समजू शकते. इथल्या थंडीत जो लसूण लावतात तो टणक मानेचा (हार्डनेक), म्हणजे मधून कडक दांडा येणारा. ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठायच्या आधी पाकळ्या पुरायच्या, वर पेंढा अंथरायचा, मग चार-पाच महिने बर्फ. त्या थंडीवाचून त्याचा गड्डा नीट पाकळ्यांत फुटतच नाही. जूनच्या मध्यावर पानांच्या मधून दांडा वर येतो आणि डुकराच्या शेपटीसारखा वळतो. एक पूर्ण वेढा झाला की तोडायचा. उशीर केला तर तो सरळ होतो, आतून काष्ठ होतो आणि टोकाच्या बोंडात बारीक बारीक लसणीच्या कळ्या भरायला लागतात. झाडाची ताकद तिकडे गेली की खाली गड्डा लहान राहतो. म्हणजे दांडा तोडला तर गड्डा पोसतो. तुम्ही जे लिहिलंत त्याच्या नेमकं उलट. पानं मात्र जुलैपर्यंत तशीच हवीत, कारण गड्डा त्यांच्याच जिवावर भरतो, आणि खालची तीनचार पानं वाळली की मगच काढायचा. दांड्याचं टोक, बोंडाच्या वरची ती चोच, वाटायला घेऊ नका. कितीही फिरवली तरी धागे राहतात.

अक्रोडाबद्दल: पाइन नट्स महाग आहेत, अक्रोड घरात असतात, आणि दांड्याच्या उग्रपणाला अक्रोडाची किंचित कडवट चव चांगली पेलते. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही.

राहिलं पंधरा दिवस ठेवण्याचं. हे तुमचं बरोबर आहे आणि मी ते मान्य करते. लसूण आंबट नसतो, तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही. 1985 मध्ये व्हॅंकूव्हरला एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणाने छत्तीस लोक आजारी पडले होते. लेखात मी बदल केला आहे: फ्रिजमध्ये जास्तीत जास्त चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून सरळ फ्रीझरमध्ये, आणि लागेल तेवढीच वडी बाहेर काढायची. बाहेर ओट्यावर ठेवायचा नाही. ज्यांनी जुना लेख वाचून बाटली भरून ठेवली असेल त्यांनी ती कृपया टाकून द्या. पण हेच तुम्ही "ताई, एवढे दिवस ठेवणं धोक्याचं आहे" असं एका ओळीत सांगू शकला असतात. मी त्याच क्षणी आभार मानून दुरुस्ती केली असती. "लोकांना मारायचं आहे का" हे मला लिहायची गरज नव्हती. मी हे माझ्या मुलांना खायला घालते.

आणि शेवटचं, आईला विचारण्याचं. आई 2016 च्या जूनमध्ये आमच्याकडे होती. तिने हे दांडे माझ्याबरोबर तोडले, मिक्सर नको म्हणाली, आणि तळघरातला जड दगडी खल मला वर आणायला लावला. आधी खडे मीठ आणि दांडे, मग बाकीचं, म्हणजे मिठाच्या कणांनी ते लवकर मऊ होतात, हे तिने सांगितलं. जेनोव्हात लसूण ठेचताना असंच करतात, हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पास्ता तिला आवडला नाही. तिने ते ज्वारीच्या भाकरीवर घेतलं, वर कच्चं तेल. आणि हो, आई त्याला चटणीच म्हणते. तो तिचा अधिकार आहे, काका. तुमचा नाही.

तुमच्या सांगण्यावरून काल रात्री तिला फोन केला, तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, भांडत बसू नकोस, यंदा दांडे किती निघाले ते सांग.

शहाऐंशी निघाले. नव्वद पाकळ्या लावल्या होत्या.