गड्ड्याच्या आधी एक एक्स-रे

गेल्या डिसेंबरात, सिद्धेश्वराची संक्रांतीची गड्डा जत्रा जवळ आली असताना, सोलापूरला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मोठ्या काकांनी विचारलं, "तिकडं स्वीडनमध्ये एवढं सगळं असून पोरगं अजून चालेना का?" त्यांच्या आवाजात काळजीच होती. माझा मुलगा 8 वर्षांचा आहे, 29व्या आठवड्यात जन्मलेला. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे अगदी लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे, त्याचे दोन्ही पाय ताठ आहेत, डावा हातही बराचसा. घरात वॉकर धरून चालतो, लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. काकांचं बोलणं संपतंय तोवर दादानं मोबाइल पुढे केला. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराची जाहिरात होती. काही लाखांत इंजेक्शनं. "अक्कलकोट रोडचा प्लॉट विकायला काढू," दादा म्हणाला. तो खरंच काढेल, म्हणूनच हे लिहायला बसले.

काका, पाय चांगले मोकळे झाले तरी तो तुमच्यामाझ्यासारखा चालेलच असं नाही, हे आम्हाला लवकर कळलं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये अशा 657 मुलांच्या नोंदी ठेवून 2002 मध्ये आलेख काढले गेले. बसणं, उभं राहणं, चालणं यांतली बहुतेक प्रगती साधारण पाचव्या वर्षापर्यंत होऊन जाते, असं त्यात दिसलं. आजाराची तीव्रता जितकी जास्त, तितकी ही प्रगती लवकर थांबते. पुढची मेहनत असते ती मिळवलेलं टिकवायची आणि रोजचं जगणं सोपं करायची. आणि दादा, आपल्याच आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचण्यांमध्येच वापरायच्या. विकत मिळणारं इंजेक्शन त्यात बसत नाही. प्लॉट राहू दे.

तिकडे काय वेगळं मिळालं म्हणाल, तर लोकांना वाटतात तशी यंत्रं नव्हेत. आम्ही दक्षिण स्वीडनमधल्या लुंडला राहतो. तिथल्या पुनर्वसन केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टबाई पहिल्या भेटीत विचारत बसल्या, रोज सकाळी घरात काय अडतं? पोरगं तेव्हा 5 वर्षांचं होतं. तेच म्हणालं, सॉक्स. मग दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भिंतीला पाठ, एक पाय दुमडलेला, सॉक्सचं तोंड डाव्या हाताच्या अंगठ्यानं रुंद करायचं. पाय ताणून देणं, मालीश करणं यानं बरं वाटतं, पण त्यातून मूल काही करायला शिकत नाही. जे काम यायला हवं ते त्यानं स्वतः, पुन्हा पुन्हा करावं लागतं. एवढी साधी गोष्ट समजायला मला दोन वर्षं लागली.

दुसरी गोष्ट खुब्याची. या मुलांचे खुबे जन्मतः बहुधा ठीक असतात. मांड्यांचे ताठ स्नायू वर्षानुवर्षं ओढत राहतात आणि मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून सरकू लागतो. सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही, एक्स-रेतच कळतं. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवतात. फिजिओथेरपिस्ट 6 वर्षांपर्यंत वर्षातून दोनदा सांधे मोजतात. ज्यांना आधाराशिवाय चालता येत नाही त्यांचा दरवर्षी एक्स-रे निघतो. पूर्वी तिथे शंभरातल्या आठ-नऊ मुलांचा खुबा निखळायचा, आता शंभरात एकाहूनही कमी मुलांचा. यात लागतो तो एक्स-रे, तो वाचणारा डॉक्टर आणि तारीख लिहिलेली वही. यातलं सोलापुरात काय नाही?

आईकडे कामाला येणाऱ्या मावशी कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहतात. त्यांची नात 10 वर्षांची आहे. पाच वर्षं मावशींची सून तिला कडेवर घेऊन बस बदलत शहरातल्या एका दवाखान्यात मालिशीला नेत होती. गेला तो दिवस विड्यांचा बुडायचा, आणि मजुरी तर हजार विड्यांमागे मिळते. "ताई, लई पैसा घातला बघा," मावशी म्हणाल्या. पाच वर्षांत कुणी एक्स-रे काढायला सांगितला नाही. आता तिचा उजवा खुबा पूर्ण निखळलाय. मांडीखालचा कपडा बदलतानाही ती ओरडते. ते ऐकल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही.

तिकडचं सगळंच गोड नाही. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार, घरात माणसं तीन. इथे आईनं पहिल्याच दिवशी त्याला पाटावर बसवलं, समोर शेंगांची टोपली ठेवली. शेंग डाव्या हातात धर, उजव्यानं फोड, दाणे वाटीत. चटणीपुरत्या शेंगा सोलायला त्याला दीड तास लागला आणि आई मध्ये एकदाही बोलली नाही. दोन्ही हात कामाला लावायचा हाच व्यायाम लुंडच्या बाई आठवडाभर आखतात. पण वहिनी आणि भाचरं दिसेल तेव्हा त्याला उचलतात. प्रेमानंच. महिनाभरात त्यानं वॉकर चारदा हातात घेतला असेल.

पैशांचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. मावशींनी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. मुलांमधले आजार लवकर शोधायचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं त्यातलीच. मग त्या सुनेला योजना शोधत का फिरावं लागावं? आपण चर्चा करतो ती पुण्याला न्यावं की दिल्लीला. कुंभारीहून कडेवर पोर घेऊन निघालेल्या बाईला बसची पायरी चढता येते का, यावर कुणी भांडत नाही. मला वाटतं, भांडायचं तर यासाठी.

निघायच्या आदल्या दिवशी मावशी घरकुलातल्या शेजारणीला घेऊन आल्या. कडेवर 4 वर्षांची मुलगी, पाय कात्रीसारखे एकमेकांत. सिव्हिलमध्ये दाखवून आल्या होत्या, हातात एक्स-रेचं पाकीट. दोन्ही खुबे जागेवर. पुढचा कधी, म्हणून मी विचारलं. "तारीख आमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई," मावशी म्हणाल्या, "दरसाली गड्डा लागायच्या आधी काढून घेऊ." शेजारणीनं मान हलवली आणि पाकिटावर पेननं एवढंच लिहून घेतलं: गड्डा.