घरचा सराफ आणि गुलाबी चिठ्ठी

भाच्याचा साखरपुडा ठरला आणि ताईचा फोन आला, "अंगठीला आपल्या सराफाकडे तूच घेऊन जा गं त्याला, तुला ओळखतात ते." म्हटलं, ओळखतात म्हणूनच नेणार नाही.

२००८ साली माझी साखरपुड्याची अंगठी याच 'घरच्या' सराफाकडून घेतली होती. आजोबांपासूनची पेढी. चहा आला, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि बिल म्हणून हातात आली एक गुलाबी चिठ्ठी. 'लेडीज अंगठी १, २२ कॅ., ५ ग्रॅम', खाली एकूण रक्कम. घडणावळ किती, खड्यांचं वजन किती, काही नाही. विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाला असं विचारतात का?

मागच्या वर्षी ती मोडायला दुसऱ्या दुकानात नेली. फुलाच्या कोंदणातले सातही अमेरिकन डायमंड त्या पोराने चिमट्याने काढून कागदावर मांडले आणि अंगठी पुन्हा काट्यावर ठेवली. ४.२१० ग्रॅम. वापरातली घट धरली तरी बाबांनी ते खडे सोन्याच्या भावाने घेतले होते! मग मशीनवर टंच काढला, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते, तो आला ८४. २२ कॅरेटला ९१.६ हवा. पेढीवर जाब विचारायला गेले तर धाकटे शेठ हसून म्हणाले, "ताई, तेव्हा पद्धतच तशी होती."

तेव्हा हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, ऐच्छिक होता, हे खरं. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने तो सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो. तो नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार, कुठल्या केंद्रात तपासला, सगळं दिसतं. प्रकार नक्की वाचा. हातात अंगठी आणि ॲपमध्ये बांगडी असेल तर सरळ उठा. आणि हो, दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही. हल्ली नाजूक अंगठ्यांची फॅशन आहे, म्हणून सांगितलं.

तर भाच्याला घेऊन तीन दुकानं फिरले. त्याला हिऱ्याचीच हवी होती. पहिल्या दुकानात सर्टिफिकेट मागितलं तर "आमचं स्वतःचं कार्ड आहे ना!" अहो, विकणाराच परीक्षक? दुसरीकडे आयजीआय या हिरे तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट होतं, पण हिरा खाणीतला की लॅबमधला, यावर सेल्समन "रिअलच आहे मॅडम" एवढंच म्हणत राहिला. लॅबमधलाही हिराच असतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा तोंडाने सांगा आणि बिलावर लिहा.

तिसऱ्या दुकानातल्या मुलीने आम्ही न विचारता भिंग पुढे केलं. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर भाच्याला दाखवला आणि सर्टिफिकेटवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून घेतला. वर म्हणाली, "२२ कॅरेटमध्ये नको, मऊ पडतं, हिरा धरणारे काटे सैल होतात. १८ घ्या." १८ कॅरेट म्हणजे ७५० चा शिक्का. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, हिऱ्याचं वजन सेंटमध्ये वेगळं, घडणावळ वेगळी, वर तीन टक्के जीएसटी. परत द्यायची झाली तर सोन्याला काय आणि हिऱ्याला काय मिळेल, तेही लिहून दिलं. हिऱ्याला कमीच मिळणार होतं, पण आधी कळलं. चहा मात्र कुणी विचारला नाही.

ताई अजून थोडी नाराज आहे. तिच्या मते मी संबंध तोडले. अंगठी मुलीच्या बोटात सैल होते म्हणून परवा कमी करायला दिली. भाच्याने काउंटरवर आधी वजन करून पावतीवर लिहून घेतलं, मग अंगठी सोडली.