सव्वा तासाचं पॅरिस

लंडन ते पॅरिस हवाई अंतर ३४४ किलोमीटर, विमानाचा वेळ सव्वा तास. दोन्ही आकडे खरे आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. रस्त्याने मुंबई-कोल्हापूरसुद्धा याहून लांब पडतं. "वहिनी, नाश्ता करून निघालात तरी जेवायला इकडे!" असं पॅरिसहून नणंद म्हणाली. मी आपलं हळूच युरोस्टार रेल्वे सुचवून पाहिली. भर शहरात बसायचं, भर शहरात उतरायचं, सव्वादोन तास. "म्हणजे एक तास जास्त!" नवरा म्हणाला आणि त्याने विमानाची तिकिटं काढली.

आधी शेंगेन, म्हणजे तिकडच्या युरोपचा, व्हिसा. बँकेचे कागद, नोकरीचं पत्र, विमा, बोटांचे ठसे. नणंदेला तर तिथल्या नगरपालिकेतून 'हे आमच्याकडे उतरणार' असा दाखला आणावा लागला. सख्ख्या भावाला दोन वेळा जेवू घालायला नगरपालिकेचा शिक्का!

हे अर्थात सव्वा तासात धरत नाहीत. वेळापत्रकाचं घड्याळ विमान गेटवरून मागे सरकलं की सुरू होतं आणि पलीकडच्या गेटला लागलं की थांबतं. अलीकडचं-पलीकडचं आपलं प्रारब्ध. आम्ही राहतो इलफर्डला, म्हणजे लंडनच्या पूर्वेला, विमानतळ पश्चिमेला. साडेनऊच्या विमानासाठी साडेचारचा गजर. विमानतळ गाठेपर्यंतच आमचं एक पॅरिस होऊन गेलं होतं.

तपासणीला तुपाची बरणी निघाली. तेव्हा हातातल्या सामानात शंभर मिलीलीटरहून जास्त पातळ काही न्यायचं नाही असा नियम होता. थंडीने तूप दगड झालेलं. त्या माणसाने बरणी आडवी केली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली. तूप ढिम्म. माझ्या आशा पल्लवित झाल्या. मग त्याने शांतपणे विचारलं, "गरम केल्यावर काय होतं?" आणि माझा नवरा, इंजिनियर माणूस, खरं बोलला.

विमान मात्र खरोखरच सव्वा तासात पोचलं. त्यातला बराच वेळ ते जमिनीवरच चालत होतं; उतरल्यावर तर एका पुलावरून गेलं, खालून मोटारी. पॅरिसचं घड्याळ आणखी एक तास पुढे. नकाशा पाहिला तर पॅरिस लंडनच्याच वेळेत बसायला हवं, पण १९४० मध्ये जर्मन फौजांनी तिथली घड्याळं पुढे केली. फौजा गेल्या, तो तास राहिला, आणि माझ्या जेवणाच्या वेळेतून वजा झाला. पुढे 'इतर पासपोर्ट'वाल्यांची रांग, मग लोकल, मग मेट्रो. नणंदेने वरण तिसऱ्यांदा गरम केलं तेव्हा आम्ही दारात होतो.

परतीला मात्र नवऱ्याचे डोळे चमकले. पॅरिसहून सुटणार सातला, लंडनला पोचणार सव्वासातला! प्रत्यक्षात लंडनच्या आग्नेयेला बिगिन हिलवर आमच्या विमानाने घिरट्या घातल्या. त्या बाजूने येणाऱ्यांना तिथे नंबर लागेपर्यंत आभाळात ताटकळत ठेवतात. घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पण त्याने सासूबाईंना फोनवर वेळापत्रकच वाचून दाखवलं. आता सांगलीत आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे की पॅरिस लंडनपासून पंधरा मिनिटांवर आहे, आणि तरीही सूनबाई नणंदेकडे वर्षातून एकदाच जाते.